न झिजणाऱ्या पुस्तकाची रांग

अमेरिकेतल्या एखाद्या गावी राहणाऱ्या वाचकाला नवी कादंबरी वाचायची नाही, ऐकायची आहे असे समजा. त्याच्यापुढे दोन वाटा असतात. ऑडिबलसारख्या कंपनीची वर्गणी भरली, तर महिन्याला सुमारे १५ डॉलर मोजून एक पुस्तक त्याच क्षणी हाती येते. दुसरी वाट गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाची. तेथील रहिवाशाला ग्रंथालयाचे कार्ड सहसा मोफत मिळते. त्या कार्डाचा क्रमांक 'लिबी' नावाच्या ॲपमध्ये भरला, की पुस्तक घरबसल्या फोनवर ऐकता येते. पैसे पडत नाहीत. मात्र पुस्तक लोकप्रिय असेल, तर पडद्यावर उत्तर येते की तुमच्या आधी साठ जण आहेत आणि काही महिने थांबावे लागेल.

कागदी पुस्तकासाठी थांबणे आपण समजू शकतो. प्रत एक आहे आणि ती शेजाऱ्याने नेली आहे. पण फोनवरचे पुस्तक ही एक फाईल आहे. ती कोणी 'नेली' तरी ग्रंथालयातून हलत नाही, तिची पाने फाटत नाहीत, ती झिजत नाही. मग ही रांग कशाची? वर्गात एखाद्या चौकस मुलाने हा प्रश्न विचारला, तर उत्तर देताना थोडे ध्वनिशास्त्र, थोडे अंकगणित आणि थोडा कायदाही लागेल. त्याच क्रमाने आपण जाऊ.

तबकडीपासून फाईलपर्यंत

ऐकायची पुस्तके प्रथम अंध वाचकांसाठी तयार झाली. अमेरिकेत १९३१च्या कायद्याने अंध प्रौढांच्या पुस्तकांसाठी सरकारी पैसा मंजूर झाला. १९३४पासून 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ने बोलती पुस्तके ध्वनिमुद्रिकांवर द्यायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये १९३५ साली तेच घडले. त्या काळी गाण्याची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूवर जेमतेम चार-पाच मिनिटे मावत. बोलत्या पुस्तकांसाठी वेग ३३⅓ फेऱ्यांवर आणला आणि खोबणी अधिक जवळजवळ कोरल्या. तेव्हा एका बाजूवर सुमारे पंधरा मिनिटे बसू लागली. तरी दहा तासांच्या पुस्तकाला वीस तबकड्या लागत. पुढे कॅसेट आली (१९६३), मग सीडी. ग्रंथालयाच्या कपाटात या सगळ्या वस्तूच होत्या. त्या वजनदार होत्या, ओरखडणाऱ्या होत्या, आणि एका वेळी एकाच्याच घरी जाणाऱ्या होत्या.

सीडीवर आवाज आकड्यांच्या रूपात असतो. दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेतले जाते. प्रत्येक माप १६ बिटांत लिहितात, आणि डावा व उजवा असे दोन प्रवाह असतात. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. दहा तासांच्या म्हणजे ३६,००० सेकंदांच्या पुस्तकाला सुमारे ६३५ कोटी बाइट लागतात.

एवढे सगळे आपल्या कानाला लागत नाही. मोठ्या आवाजाला लागून असलेला आणि जवळपास त्याच कंपनसंख्येचा बारीक आवाज कानाला जाणवत नाही, तो झाकला जातो. जो ऐकूच येणार नाही तो लिहायचा कशाला? एमपी३ ही पद्धत या तत्त्वावर उभी आहे. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेतील संशोधकांचा तिच्या विकासात मोठा वाटा होता, आणि ती ज्या प्रमाणकाचा भाग आहे ते १९९३ साली प्रसिद्ध झाले. शिवाय पुस्तक वाचणारा माणूस एकच असतो, त्यामुळे दोन प्रवाहांची गरज नसते. बोलण्यात फार उंच कंपनसंख्याही कमी असतात. म्हणून सेकंदाला ६४,००० बिटांत वाचन स्वच्छ ऐकू येते. तेच दहा तासांचे पुस्तक आता २८ कोटी ८० लाख बाइटांत, म्हणजे सुमारे बाविसाव्या हिश्श्यात बसते. एका लहानशा मेमरी कार्डावर अशी शंभर पुस्तके मावतील. नवी प्रत काढायचा खर्च जवळजवळ शून्य झाला. तंत्रज्ञानाकडे पाहिले तर रांग येथेच संपायला हवी होती.

विक्री आणि परवाना

ती संपली नाही याचे कारण कायद्यात आहे. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला. एका प्रकाशकाने पुस्तकावरच छापले होते की ते एक डॉलरपेक्षा कमी किमतीत विकता येणार नाही. एका दुकानाने ते ८९ सेंटला विकले. न्यायालयाने निर्णय दिला की पुस्तक एकदा विकले की त्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचे नियंत्रण राहत नाही. नवी प्रत छापण्याचा हक्क प्रकाशकाकडेच राहतो, पण विकत घेतलेली प्रत मालकाने पुन्हा विकावी, कोणाला द्यावी किंवा उसनी द्यावी. हेच तत्त्व पुढे कायद्यात आले. तेथील ग्रंथालये प्रकाशकाला न विचारता पुस्तके, कॅसेट आणि सीडी उसन्या देऊ शकतात ती याच आधारावर.

फाईलच्या बाबतीत हा आधार सुटतो. फाईल वाचकाच्या फोनवर पाठवणे म्हणजे वस्तू हातातून हातात देणे नव्हे. त्यात प्रत्येक वेळी नवी प्रत निर्माण होते, आणि प्रत काढण्याचा हक्क तर प्रकाशकाचा. म्हणून ग्रंथालयाला ऐकायचे पुस्तक विकत मिळत नाही, त्याचा परवाना मिळतो. एक परवाना म्हणजे एका वेळी एक ऐकणारा, ही त्यातली नेहमीची अट. ग्रंथालयाने पाच परवाने घेतले, तर सहावा मनुष्य रांगेत उभा राहतो.

ही अट पाळली जाते ती कुलूप-किल्लीने. फाईल सांकेतिक रूपात असते आणि ती उलगडणारी किल्ली ॲपजवळ असते. त्या किल्लीला मुदत असते, बहुधा ७, १४ किंवा २१ दिवसांची. मुदत संपली की पुस्तक आपोआप बंद होते आणि रांगेतल्या पुढच्या माणसासाठी उघडते. उशिराचा दंड येथे नसतो, कारण उशीर करताच येत नाही.

रांगेचे अंकगणित

किती थांबावे लागेल हे सातवीच्या मुलालाही काढता येईल. आपल्या पुढे असलेल्या माणसांची संख्या गुणिले प्रत्येकाची मुदत, भागिले परवान्यांची संख्या. साठ माणसे, चौदा दिवस आणि पाच परवाने असतील तर १६८ दिवस, म्हणजे २४ आठवडे. आता असे पाहा. दहा तासांचे पुस्तक रोज तासभर ऐकणारा दहा दिवसांत संपवतो. उरलेले चार दिवस परवाना नुसता पडून राहतो. प्रत्येकाने ऐकून होताच 'परत करा'चे बटण दाबले, तर १६८चे १२० दिवस होतात. एकाही नव्या परवान्याचा खर्च न होता रांग जवळजवळ सात आठवड्यांनी आखूड झाली. सार्वजनिक वस्तू वापरून झाल्यावर लगेच परत करणे म्हणजे काय, हे पटवून द्यायला याहून सोपे गणित सापडणार नाही.

ग्रंथालयाचे गणित याहून अवघड असते. बरेच परवाने दोन वर्षांनी संपतात आणि पुन्हा पैसे भरावे लागतात. दोन वर्षांत चौदा दिवसांचे जास्तीत जास्त ५२ फेरे होतात. समजा परवाना ६० डॉलरला पडला. पुस्तक सतत बाहेर असेल, तर दर फेऱ्याला सव्वा डॉलरही पडत नाही. पण वर्षाला पाचच जणांनी नेले, तर प्रत्येक फेरा सहा डॉलरला पडतो. २०१३ साली सुरू झालेली 'हूप्ला' ही सेवा वेगळ्या तत्त्वावर चालते. तिथे रांग नसते, पण प्रत्येक उसनवारीमागे ग्रंथालयाला ठरावीक रक्कम द्यावी लागते. ती दोन डॉलर धरली, तर तीस फेऱ्यांहून कमी मागणीच्या पुस्तकाला हूप्ला स्वस्त आणि जास्त मागणीच्या पुस्तकाला परवाना स्वस्त. मात्र रांग नसल्याने खर्चाला बांध राहत नाही. म्हणून ग्रंथालय प्रत्येक सभासदाला महिन्याला इतकीच पुस्तके अशी मर्यादा घालते. रांग नाहीशी झाली नाही, तिने रूप बदलले.

दोन्ही बाजू

मोफत पुस्तकाचे पैसे कोणीतरी भरतेच. अमेरिकेत ते मुख्यतः स्थानिक करांतून येतात. श्रीमंत गावाच्या ग्रंथालयात रांग आखूड आणि गरीब गावात लांब असण्याचा संभव असतो तो त्यामुळे.

प्रकाशकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. कागदी पुस्तक आणायला ग्रंथालयात जावे लागते आणि प्रत जुनी होते, म्हणून काही लोक ते विकतच घेतात. फाईल घरबसल्या, कायम नवी आणि फुकट मिळाली तर विकत कोण घेईल आणि लेखकाला काय मिळेल? हा प्रश्न खोटा नाही. ब्रिटनने त्यावर एक उत्तर काढले आहे. तेथे ग्रंथालयातून गेलेल्या पुस्तकामागे लेखकाला सरकार मोबदला देते. तो कायदा १९७९चा. जुलै २०१८पासून घरबसल्या नेलेली इ-पुस्तके व ऐकायची पुस्तकेही त्यात आली, आणि पुस्तक वाचून दाखवणाऱ्यालाही त्यात वाटा मिळतो. अमेरिकेत अशी योजना नाही. तेथे २०१९ साली हॅशेट या प्रकाशनसंस्थेने कायमस्वरूपी परवाने बंद करून दोन वर्षांचे परवाने लागू केले. ग्रंथालयांना वाजवी अटींवर परवाना द्यावाच लागेल असा कायदा मेरीलँड राज्याने २०२१ साली केला. तो देशाच्या कॉपीराइट कायद्याशी विसंगत ठरवून न्यायालयाने २०२२ साली रद्द केला. लेखकाला न्याय मिळावा हे योग्य, पण ग्रंथालयाला मालकीची एकही प्रत उरू नये हे त्यातून सिद्ध होत नाही. परवान्यांवर उभे असलेले कपाट पैसे थांबले की रिकामे होते. कागदाचे तसे होत नाही.

आपल्याकडे

भारतात वर्गणी घेऊन ऐकायची पुस्तके देणाऱ्या सेवा आहेत. स्टोरीटेलने २०१७मध्ये येथे काम सुरू केले आणि त्यात मराठी पुस्तकेही आणली. शाळेला मात्र दोन ठिकाणी रांगही नाही आणि वर्गणीही नाही, हे शिक्षकांनी लक्षात ठेवावे.

पहिले ठिकाण दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी आहे. २०१२च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात अशी सोय झाली, की छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी पुस्तकाचे ऐकता येईल असे रूप विनापरवाना तयार करता येते. याच हेतूच्या माराकेश आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला (जून २०१४). ऑगस्ट २०१६मध्ये सुरू झालेले 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय या सोयीवर उभे आहे. तेथे एकाने पुस्तक उतरवून घेतले म्हणून दुसऱ्याला थांबावे लागत नाही. फाईल तशीच, फोनही तसाच, पण कायदा वेगळा आणि म्हणून रांग नाही. आपल्या वर्गात दृष्टिबाधित मूल असेल, तर त्याची नोंदणी करून देणे हे काम उद्यावर टाकण्यासारखे नाही.

दुसरे ठिकाण जुन्या पुस्तकांचे. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, लक्ष्मीबाई टिळकांचे १९३६ साली. 'श्यामची आई' किंवा 'स्मृतिचित्रे' शाळेतल्या मुलांनी वाचून, फोनवर ध्वनिमुद्रित करून गावच्या वाचनालयाला दिले, तर त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. रोज अर्धा तास याप्रमाणे वीस दिवसांत दहा तासांचे वाचन होईल. त्याचे किती बाइट होतील हे मुलांना आपण वर दिलेल्या रीतीने काढता येईल. ते पुस्तक वाचनालयाच्या मालकीचे असेल, त्याला मुदत नसेल आणि ते एकाच वेळी सगळ्या गावाला ऐकता येईल.