अंगठा म्हणजे संमती नव्हे



शस्त्रक्रिया होणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या फाइलमध्ये एक छापील कागद असतो, संमतिपत्र. शस्त्रक्रिया डॉक्टर ठरवतात, पण तो कागद आणि शाईचा पॅड घेऊन खाटेजवळ जाते ती बहुतेक वेळा सिस्टर. नर्सिंगमधला नैतिक निर्णय म्हटला की व्हेंटिलेटर काढायचा का, असे मोठे प्रश्न लोकांना आठवतात. माझ्या अनुभवात तो निर्णय या कागदापाशी, दोन मिनिटांत होऊन जातो.

नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. एका खासगी रुग्णालयात मी रात्रपाळीला होते. ऊसतोडीवरची एक बाई दाखल झाली. वय तिशीच्या आत, दोन लेकरं. अंगावर पांढरं जात होतं, कंबर दुखत होती. सकाळी पिशवी काढायचं ऑपरेशन होतं. "नाहीतर कॅन्सर होईल," असं तिला सांगितलं होतं. मी कागद पुढे केला. नवऱ्याने सही केली, तिने अंगठा दिला. तिने एवढंच विचारलं, "सिस्टर, फडावर परत कवा जाता येईल?" मी म्हणाले, "डॉक्टर सांगतील." मला अजून चार खाटांची इंजेक्शनं द्यायची होती.

दोन वर्षांनी बुद्धपौर्णिमेला विहारात ती भेटली. तिनेच मला ओळखलं. अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, हाडं दुखतात, असं सांगत होती. गर्भाशयासोबत अंडाशयंही काढली की कमी वयातच पाळी गेल्यासारखं होतं आणि हा सगळा त्रास सुरू होतो. मग ती म्हणाली, "मला वाटलं, पिशवी नुसती धुत्यात."

फाइलमध्ये सगळं बिनचूक होतं. अंगठा होता, साक्षीदार होता, तारीख-वेळ होती. संमती तेवढी नव्हती. तो कागद मी भरला होता.

एकटीची गोष्ट नाही

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या प्रश्नावर राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. डोक्यावर मुकादमाची उचल, सुट्टी घेतली की खाडा, फडावर ना पाणी ना संडास. अशा बाईला पाळीच नको वाटते, यात नवल नाही. पांढरं जाण्याचं कारण पुष्कळदा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधाने बरा होतो, हे मात्र तिला कोणी सांगत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांत आपल्या वस्त्यांतल्या, भटक्या-विमुक्तांच्या, गरीब घरांतल्या बायका किती आहेत, हे मी सांगायला नको.

कायदा काय म्हणतो

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं की तपासणीसाठी दिलेली संमती गर्भाशय काढण्यासाठी चालत नाही. आजार काय, उपाय काय, त्यात धोका काय, दुसरा पर्याय कोणता आणि काहीच केलं नाही तर काय होईल, हे रुग्णाला समजलं पाहिजे. रुग्ण शुद्धीवर असलेली सज्ञान बाई असेल, तर संमती तिचीच. नसबंदी किंवा गर्भपातालाही नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. जीव धोक्यात असेल आणि रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसेल, तेव्हा मात्र कागदासाठी थांबायचं नसतं. आधी जीव वाचवायचा.

सिस्टरने काय करायचं?

जी.एन.एम. करताना आम्हाला चार तत्त्वं शिकवली होती: रुग्णाचं भलं करा, अपाय करू नका, तिच्या निर्णयाचा मान राखा, सर्वांना न्यायाने वागवा. परीक्षेत ती लिहून मी पास झाले. ती कळली मात्र विहारात. आजारी भिक्खू घाणीत पडलेला, कोणी बघेना, तेव्हा तथागतांनी आनंदासोबत स्वतः त्याला धुतलं, ही महावग्गातली कथा आपण जाणतो. ती करुणा. आणि केवळ परंपरा आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, ही कालाम सुत्ताची शिकवण. ती प्रज्ञा. वॉर्डात दोन्ही लागतात. नुसती करुणा असली की सिस्टर पाठीवरून हात फिरवते आणि अंगठा घेते.

पुढे दुसऱ्या रुग्णालयात अशीच वेळ आली. या वेळी कागद देण्याआधी मी विचारलं, "बाई, उद्या काय करणार आहेत, ते तुमच्या शब्दांत सांगा." तिला सांगता येईना. मी डॉक्टरांना फोन केला, "सर, पेशंटला समजलेलं नाही. आपण एकदा समजावून सांगाल का?" ते चिडले. "तुझं काम सही घ्यायचं," म्हणाले. मी नर्सेस नोटमध्ये वेळेसह लिहिलं: रुग्णास शस्त्रक्रियेची माहिती नाही, डॉक्टरांना कळवले, सही घेतलेली नाही. सकाळी डॉक्टर आले, खाटेवर बसून दहा मिनिटं बोलले. बाईने दोन प्रश्न विचारले आणि स्वतः सही केली. तिच्या पिशवीत मोठ्या गाठी होत्या, ऑपरेशन गरजेचंच होतं. फरक एवढाच की आपलं काय होणार, हे ठाऊक असून ती आत गेली. मला पुढचा महिनाभर सलग रात्रपाळी लागली.

कंत्राटावरच्या मुलींना एकटीने असं उभं राहणं किती जड जातं, हे मी जाणते. म्हणून तीन गोष्टी सांगते. भांडू नका, नोंद करा. सिस्टर इन्चार्जना सोबत घ्या. आणि जे समजावणं डॉक्टरांचं काम आहे, ते स्वतःच्या अंगावर घेऊन अर्धवट उरकू नका.

अंगठा देण्याआधी विचारा

१. मला नेमकं काय झालंय? तपासणीत काय दिसलं?
२. शरीरातलं काय काढणार, काय ठेवणार?
३. औषधाने बरं होईल का?
४. आठ दिवस थांबलं तर काय बिघडेल?
५. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला रिपोर्ट द्याल का?

दुसरा सल्ला घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. दाखल रुग्णाने कागदपत्रं मागितली की ७२ तासांत ती देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. वाचता येत नसेल तर कागद मोठ्याने वाचून घ्या, सोबत शिकलेली लेक किंवा सून न्या.

बाबासाहेबांनी आपल्या हातात लेखणी दिली. ज्यांच्या हाती ती अजून पोहोचली नाही, त्यांचा अंगठा शाईला लागण्याआधी आपण शेजारी बसून कागद वाचून दाखवू. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर हे पाच प्रश्न मोठ्याने वाचा, एवढीच विनंती.

नमो बुद्धाय. जय भीम.