हप्ता कोण हाय?

मागच्या वेळी आपण गटाच्या हिशेबाच्या वहीबद्दल बोललो होतो. आज दुसऱ्या एका वहीबद्दल बोलायचं आहे. पण आधी एक किस्सा सांगते.

आपल्या मोर्शी तालुक्यातल्याच एका गावात गटाची बैठक होती. सतरंजी अंथरलेली, पासबुकं मांडलेली, अध्यक्षताई पैसे मोजत होत्या. एका ताईचा साडेतीन वर्षांचा मुलगा उंबऱ्यावर खेळत बसला होता. मी त्या ताईला विचारलं, "या महिन्याचा हप्ता आणला का?" तसा तो पोरगा धावत आला, आईचा पदर धरला अन् म्हणाला, "आई, हा हप्ता कोण हाय? त्याले सांग ना, आई घरी नाही."

सगळ्या बायका पोट धरून हसल्या. त्याची आई बिचारी लाजून लाल झाली. हसू ओसरल्यावर एक काकू म्हणाल्या, "पोट्ट्यानं घरचं सारं सांगून टाकलं न बाई."

मी घरी येईपर्यंत हसत होते. पण मग विचार केला, की त्या लेकरानं चूक ती काय केली? घरात तो रोज काय ऐकतो? "हप्ता आला." "हप्ता तोंडावर आला." "हप्ता काही थांबत नाही." आता जो दर महिन्याला येतो, थांबत नाही अन् ज्याचं नाव काढलं की आई गप्प होते, तो माणूसच असणार. अन् नको असलेला माणूस दारी आला की काय सांगायचं असतं, हेही त्यानं घरातच पाहिलेलं. म्हणजे त्यानं ऐकलं, जुळवलं अन् उपायही काढला. फक्त हप्ता म्हणजे काय, एवढंच त्याला माहीत नव्हतं.

लेकरांच्या बहुतेक गमती अशाच असतात. आपल्याला वाटतं पोरगं काहीच्या बाही बोलतं. खरं तर ते विचार करून बोलत असतं. आपल्याजवळ जेवढी माहिती आहे तेवढी त्याच्याजवळ नसते, म्हणून हिशेब चुकतो.

माझ्या मोठ्या मुलीचं सांगते. दोन वर्षांची असताना ती बरोबर म्हणायची, "बाबा आला." तीन वर्षांची झाली अन् एकदम "बाबा येला", "आजी गावाला जाली", "मी करलं" सुरू झालं. सासूबाई म्हणाल्या, पोरगी बिघडली, आधी कशी नीट बोलत होती! मलाही काळजी वाटली. पुढे वाचनात आलं अन् कळलं, की ही बिघडण्याची नाही, शिकण्याची खूण आहे. दोन वर्षांचं लेकरू ऐकलेला शब्द जसाच्या तसा पोपटासारखा म्हणतं. तिसऱ्या वर्षी त्याच्या कानाला नियम सापडतो. बस – बसला, हस – हसला, पड – पडला, चाल – चालला. हा नियम त्याला कोणी शिकवलेला नसतो. तरी ते स्वतःच शोधून काढतं, की 'ला' लावला म्हणजे गोष्ट होऊन गेली. मग ते सगळीकडे तोच लावत सुटतं. ये – येला, जा – जाला, कर – करला. लेकराचा नियम सरळ आहे. आला, गेला, केला ही वाकडी रूपं आपल्या भाषेनं ठेवली, त्याला ते काय करणार!

हे जगभरची लेकरं करतात. अमेरिकेत जीन बर्को नावाच्या बाईंनी १९५८ साली यावरचा अभ्यास छापला होता. त्यांनी लेकरांना पाखरासारखं एक चित्र दाखवलं अन् त्याचं मनानंच नाव ठेवलं, 'वग'. मग तशीच दोन चित्रं दाखवून विचारलं, आता हे दोन काय? लेकरांनी इंग्रजीच्या नियमानं बरोबर 'वग्ज' सांगितलं. जो शब्द जगात कोणी बोललाच नव्हता, त्याचं अनेकवचन त्यांना आलं. म्हणजे ती पाठ करून बोलत नव्हती, नियम लावत होती. तुम्ही घरी करून पाहा. मी आमच्या शेजारच्या पाच वर्षांच्या मुलीला मातीचं एक चित्र-विचित्र खेळणं दाखवून म्हटलं, "ही एक चिमगी. आता दोन आहेत. दोन काय?" क्षणभरही न थांबता म्हणाली, "चिमग्या." वरून मलाच विचारते, "तुले येत नाही काय?"

शब्दाच्या आत शब्द शोधणं हाही त्यांचा उद्योग. आपल्याकडे संत्र्याचा आंबिया बहार अन् मृग बहार हे शब्द लेकरं पाळण्यापासून ऐकतात. एका ताईची मुलगी बागेत जाऊन झाडं निरखून आली अन् रडायला लागली, "तुम्ही खोटं बोलता. आंबिया म्हणता अन् आंबा एकबी नाही." आपण हसतो, पण आंबिया शब्दात आंबा आहे हे आपल्यापैकी कितीजणींच्या ध्यानात आलं होतं? आंब्याला मोहर येतो त्याच दिवसांत, जानेवारी-फेब्रुवारीत, संत्र्याला फूल येतं, म्हणून तो आंबिया. मी तिला तसं सांगितलं. तिला ते कितपत पटलं, देव जाणे.

काल अन् उद्या तर चार-पाच वर्षांपर्यंत घोटाळाच असतो. "मी उद्या मामाच्या घरी गेली होती," असं लेकरू छातीठोक सांगतं. झाड दिसतं, गाय दिसते, उद्या काही दिसत नाही. त्यात आपला तालुका मध्य प्रदेशाला लागून, हिंदी घरोघरी कानावर पडते, अन् हिंदीत तर दोन्हीला एकच 'कल'. लेकराला काय बोल लावायचा!

अन् अप्पर वर्धा धरणावरचा किस्सा राहिलाच. पावसाळ्यात दारं उघडली होती, आम्ही लेकरांना घेऊन सिंभोऱ्याला गेलो होतो. एवढं पाणी पाहून एक चिमुरडा गप्पच झाला. मग हळूच म्हणाला, "हे कोणं सांडलं? त्याची आई त्याले मारन आता." त्याच्या आईनं माझ्याकडे पाहिलं अन् मान खाली घातली. सकाळीच गुंडभर पाणी सांडलं म्हणून धपाटा बसला होता.

आता कोणी म्हणेल, ताई, तुम्हाला हसायला सुचतं, आमच्या घरी येऊन पाहा. खरं आहे. पीठ सांडलेलं असतं, भाजी करपलेली असते, संत्रा छाटणीच्या कामावर जायची वेळ झालेली असते, तेव्हा कोणत्याच आईला हसू येत नाही. ते दुसऱ्या दिवशी येतं, कधी आठ दिवसांनी येतं. आईनं सदा हसतमुख असावं असं मी सांगणार नाही. मला स्वतःलाच ते जमलेलं नाही.

पण लेकरानं असं काही म्हटलं, तर उत्तर कसं द्यायचं, याला वेगळा वेळ लागत नाही. भाकर थापता थापता होतं. "बाबा येला" म्हटलं, तर "येला नाही, आला म्हण, दहा वेळा म्हण" असं करू नका. फक्त म्हणा, "हो, बाबा आला. बाबानं काय आणलं?" बरोबर शब्द त्याच्या कानावर पडला, बोलणंही पुढे गेलं. चारचौघांत त्याचीच नक्कल करून हसवू नका. लेकराला एकत्र हसणं अन् आपल्यावर हसणं यातला फरक कळतो, मग ते बोलायचं कमी करतं. अन् 'मले', 'तुले', 'काहून' ही चूक नाही बरं का. ती आपली वऱ्हाडी आहे. शाळेची भाषा ते शाळेत शिकेल.

मोबाईलशी मात्र असं बोलणं होत नाही. मोबाईल बोलतो, पण लेकराचं ऐकून घेत नाही. "हप्ता कोण हाय" याचं उत्तर तो देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं आहे, की दोन वर्षांच्या आतल्या लेकराला पडदा दाखवूच नये, अन् दोन ते चार वर्षांच्या लेकराला दिवसातून एक तासापेक्षा जास्त नाही. रडतं म्हणून हातात दिला असेल तर मी नावं ठेवणार नाही. मीही दिला आहे. ते पुढे सांगते.

आता त्या वहीबद्दल. आपल्या तालुक्यातल्या रिद्धपूरला तुम्ही दर्शनाला गेला असाल. तेराव्या शतकात तिथं म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं, मराठीतला पहिला गद्यग्रंथ म्हणतात तो. त्यांनी काय केलं? चक्रधर स्वामींना ज्यांनी पाहिलं होतं त्यांना गाठून विचारलं. स्वामी कुठं बसले, काय बोलले, कोणाला काय म्हणाले. बारीक बारीक प्रसंग गोळा केले अन् लिहून ठेवले. बारीक प्रसंग लिहून ठेवण्याची ही आपल्याच तालुक्यातली जुनी रीत आहे असं मी गमतीनं बायकांना सांगते, अन् प्रत्येक आईला एक चाळीस पानी वही ठेवायला लावते. एका बाजूला तारीख, एका बाजूला लेकराचं बोलणं. लिहिता येत नसेल तर मोठ्या मुलीकडून लिहून घ्या. बैठकीत हिशेब झाला की दोघी-तिघींनी वाचून दाखवायचं. हप्त्याचा विषय निघाल्यावर बैठकीत जो जडपणा येतो, तो यानं थोडा हलका होतो.

माझ्या घरी अशी वही होतीच. मोठीची बावीस पानं भरली होती. धाकट्याचा जन्म झाल्यावर मागच्या बाजूनं त्याचं नाव घालून ठेवलं. एक दिवस गटासाठी किस्सा शोधायला वही उघडली अन् माझे हात थांबले. तो सव्वादोन वर्षांचा झाला होता अन् त्याच्या नावाखाली तीनच ओळी होत्या. आई, पाणी अन् भू. दोन शब्द जोडून एकही नाही.

घरचे म्हणत, मुलगे उशिराच बोलतात, याचा बाप चार वर्षांनी बोलला. मीही तेच म्हणत होते. तो हाक मारली तरी पाहत नसे, तर आम्ही म्हणायचो, जिद्दी आहे. मी गावोगाव फिरते, म्हणून त्याच्या हाती मोबाईल असायचा, अन् आवाज मोठा केल्याशिवाय त्याला चालत नसे. हे सगळं डोळ्यांसमोर होतं. कोरी पानं पाहिली तेव्हा ते मला एकत्र दिसलं.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. हा कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, तपासणी फुकट असते, वजन-उंचीबरोबर ऐकणं, पाहणं, बोलणं हेही पाहतात. आपण बायका त्या दिवशी लेकराला अंगणवाडीत पाठवून कामावर निघून जातो. मी त्या वेळी थांबले अन् वही दाखवली. डॉक्टर बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली अन् कान तपासायला अमरावतीला पाठवलं. सततच्या सर्दीनं दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं. अशा लेकराला आवाज येतो, पण कानात बोटं घातल्यासारखा. शब्द फुटून ऐकूच येत नाहीत, तर ते बोलणार कसे? पुष्कळ लेकरांचं हे पाणी दोन-तीन महिन्यांत आपोआप ओसरतं, काहींना उपचार लागतो, क्वचित छोटी शस्त्रक्रिया. ते डॉक्टर ठरवतील. कानात गरम तेल मात्र कोणी कितीही सांगितलं तरी टाकू नका.

लेकरू वर्षाचं झालं तरी हाकेला वळत नसेल, दीड वर्षात एकही शब्द नसेल, दोन-सव्वादोन वर्षांत "दूध दे", "आई ये" असं जोडून बोलत नसेल, किंवा बोलत होतं अन् बोलणं सुटलं असेल, तर पथकाची वाट पाहू नका. आशाताईला सांगा. गरोदरपणी मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड पेटीतून काढा, कोणत्या वयात लेकराला काय यायला पाहिजे ते त्यात चित्रांसह दिलेलं आहे.

आमच्या धाकट्याला औषधोपचार अन् तपासण्या यात चार महिने गेले. मोबाईल बंद केला, त्याची रडारड आठ दिवस चालली. मला मात्र त्याच्याशी मोठ्यानं बोलायची सवय पडून गेली होती. एका संध्याकाळी मी चुलीपाशी बसून त्याला नेहमीसारखी जोरात हाक मारली, "जेवायला ये!" तो माझ्या मागेच उभा होता. दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणाला, "आई, वरडू नको."

तारीख घालून लिहून ठेवलं आहे.