बंदुका उतरवलेली बोट

एअरफिक्स या इंग्रज कंपनीनं 1959 साली शॉर्ट संडरलँड या विमानाचं 1/72 मापाचं किट बाजारात आणलं. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकवर जर्मन पाणबुड्या हुडकणारं हे चार इंजिनांचं धूड. प्लॅस्टिकमध्ये जोडून झालं की त्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 48 सेंटिमीटरच्या आसपास भरतात, म्हणजे शोकेसचा एक अख्खा कप्पा गेला. बहुतेक लोक कागदावर सांगितलंय तसं ते जोडतात. काही थोडे लोक मात्र सुरुवातच करवतीनं करतात. त्यांना संडरलँड नको असतं. त्यांना हवं असतं सँड्रिंगहॅम, म्हणजे त्याच विमानाचं युद्धानंतरचं प्रवासी रूप.

फ्लाइंग बोट म्हणजे चाकांऐवजी तराफे लावलेलं विमान नव्हे. इथे विमानाचं पोटच बोट असतं. खाली कणा, मध्ये पायरीसारखी खाच. पाण्यावरून धावताना तळ पाण्याला चिकटून राहतो, तो या पायरीमुळे सुटतो. 1930च्या दशकात लांब, पक्क्या धावपट्ट्या फार थोड्या ठिकाणी होत्या. तळी, नद्या आणि खाड्या मात्र आयत्याच होत्या. इंपीरियल एअरवेजच्या फ्लाइंग बोटी तेव्हा कराचीला उतरत, तिथून राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद करत कोलकात्याला हुगळीवर जात. कराचीचा सिंध प्रांत 1936 पर्यंत मुंबई इलाख्यात होता आणि ग्वाल्हेर शिंद्यांचं. त्यामुळे लंडनची विमानं पाण्यावर उतरताना पाहिलेली मराठी माणसं तेव्हा नक्कीच असणार.

त्या बोटी ‘एम्पायर’ जातीच्या. त्या बांधणाऱ्या शॉर्ट ब्रदर्सनंच, आर्थर गूज या मुख्य डिझायनरच्या हाताखाली, संडरलँड तयार केलं. त्याचं पहिलं उड्डाण ऑक्टोबर 1937 मध्ये झालं. म्हणजे प्रवासी बोटीच्या अनुभवातून लढाऊ बोट जन्मली, आणि युद्ध संपायच्या आतच उलटा प्रवास सुरू झाला. 1943 मध्ये ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेजला काही संडरलँड बंदुका काढून मिळाली. अंगावर लष्करी रंग तसाच, वर नागरी नोंदणीची अक्षरं आणि त्यांच्याखाली लाल-पांढऱ्या-निळ्या पट्ट्या. पुढे त्यांना बऱ्यापैकी आसनं बसवली आणि ‘हाइद’ हे नाव मिळालं. 1946 पासून हाइद बोटी इंग्लंडातल्या पूल बंदरातून सिडनीला जाऊ लागल्या. वाटेत कराची, कोलकाता, रंगून, सिंगापूर. प्रवास पाच दिवसांच्या वर. सँड्रिंगहॅम हे त्याच्या पुढचं पाऊल. त्यात नाक आणि शेपूट नव्यानं बांधलेलं, आणि पहिल्या सँड्रिंगहॅममध्ये तर जेवणाचं दालन आणि बारसुद्धा.

मॉडेल करणाऱ्याला ही गोष्ट का भावते? तो टेबलावर जे करतो तेच शॉर्टच्या कारागिरांनी खऱ्या पत्र्यावर केलं होतं. त्यांनीही नवं विमान बांधलं नाही, हातातलं जुनं कापलं. करवत जवळपास त्याच रेषेवर चालते.

पहिला प्रश्न क्रमाचा. नाक सरळ कापलं जायला हवं असेल तर धडाचे दोन्ही अर्धे आधी चिकटवून घ्यावे लागतात. पण खिडक्या कोरायच्या तर अर्धे सुटेच हवेत, कारण आतून पट्टी लावून आधार द्यावा लागतो. म्हणून आधी खिडक्या, मग जोडणी, मग करवत. संडरलँडच्या गोल खिडक्यांत प्लॅस्टिकच्या काडीचे तुकडे ठोकून बसवायचे आणि पॉलिश पेपरनं सपाट करायचे. नव्या चौकोनी खिडक्यांची ओळ टेपनं आखून घ्यायची, प्रत्येकीच्या मध्यात बारीक ड्रिलनं भोक पाडायचं आणि सुईएवढ्या कानशीनं कोपरे काढायचे. एक खिडकी अर्धा मिलिमीटर खाली गेली तरी लांबून दिसते. काच म्हणून फेव्हिकॉलचा पडदा चालतो. वाळला की तो पारदर्शक होतो. मोठ्या खिडकीला मात्र खरी पारदर्शक शीटच हवी.

पंखाखाली धडाच्या दोन्ही कुशींत मोठी दारं असतात. खऱ्या विमानात बॉम्ब या दारांतून रुळांवरून बाहेर सरकत आणि पंखाखाली लटकत. प्रवासी विमानात या दारांना काम नाही. त्यांच्या रेघा पुट्टीनं बुजवायच्या. पाठीवरचा बंदुकांचा बुरूज काढून भोकावर पट्टी बसवायची. काही मॉडेलांवर रडारच्या अँटेनांच्या काड्या असतात, त्याही गाळायच्या.

नाक आणि शेपूट ही खरी कसोटी. पुढचा बुरूज जातो आणि तिथे गोलसर, बंद नाक येतं. मागचा बुरूज जाऊन निमुळतं टोक येतं. यासाठी प्लॅस्टिकच्या जाड शीटचे तुकडे एकावर एक चिकटवून ठोकळा करतात, किंवा हलकं लाकूड. बाल्सा मिळाला नाही तर पांगाराही चालावा, सावंतवाडीची खेळणी त्याच्याच लाकडाची घडत आलीत. फट भरायला एम-सील उत्तम, पण ते कडक होण्याआधीच ओल्या बोटानं आकार द्यावा. खरखरीतपासून हजार नंबरपर्यंत पॉलिश पेपर, तोही पाण्यात बुडवून, आणि नाकावर मास्क. घासताना दर वेळी वरून, बाजूनं आणि समोरून काढलेले जुने फोटो शेजारी हवेत. एका फोटोवर भरवसा ठेवणारा माणूस हमखास फसतो, कारण तिरक्या फोटोत नाक कसंही फुगीर वाटतं. सगळं करून लांबीत फरक पडतो तो फारतर चार मिलिमीटरचा. खऱ्या विमानात तो फूटभर होता.

पंखांना हात लावायचा नाही. आराखडा ठरल्यानंतर संडरलँडची शस्त्रं बदलली. मागे चार बंदुकांचा जड बुरूज आला आणि तोल शेपटाकडे गेला. शॉर्टच्या लोकांनी सगळं विमान नव्यानं काढण्याऐवजी पंख सव्वाचार अंश मागे वळवले. इंजिनं पंखालाच बसलेली, म्हणून तीही किंचित बाहेर बघू लागली. पुढे प्रवासी विमान करताना तो बुरूज गेला, पण पंख तसेच राहिले. मला या सगळ्या कहाणीत हा भाग सर्वांत आवडतो: तीसेक प्रवासी ज्या पंखांखाली आरामात बसले, त्यांचा कोन एका बंदुकीच्या बुरुजानं ठरवला होता.

इंजिनांचं निराळं. किटमधली पेगॅसस इंजिनं नऊ सिलिंडरांची, एका रांगेतली. पहिलं सँड्रिंगहॅम त्याच इंजिनांवर उडालं, पण नंतरच्या बहुतेकांना अमेरिकन ट्विन वास्प बसवली, चौदा सिलिंडरांची, दोन रांगांत. घेर लहान, नळकांडं वेगळं. हीच इंजिनं डाकोटा विमानात असतात. म्हणून या मापाची दोन डाकोटा किटं विकत घेतली की चार इंजिनांची सोय होते, आणि कपाटात दोन बिनइंजिनांची डाकोटा पडून राहतात. घरच्यांना हे समजावणं अवघड जातं.

कुठलं सँड्रिंगहॅम करायचं ते आधीच ठरवावं, कारण प्रकाराप्रमाणे खिडक्या बदलतात. माझी निवड ‘बीचकोंबर’. संडरलँड म्हणून बांधलेलं हे विमान 1947 मध्ये न्यूझीलंडच्या टास्मन एम्पायर एअरवेजसाठी ‘ऑकलंड’ नावाचं सँड्रिंगहॅम झालं, मग 1950 मध्ये ऑस्ट्रेलियात आलं आणि पुढे अँसेट या विमान कंपनीकडे गेलं. सिडनीच्या रोज बे इथून ते लॉर्ड हाउ बेटावर जायचं. बेटाच्या खाजणात पुरेसं पाणी भरतीलाच असायचं, म्हणून सुटण्याची वेळ घड्याळापेक्षा समुद्र ठरवायचा. बेटावर 1974 मध्ये धावपट्टी झाली आणि या सेवेचं काम संपलं. बीचकोंबर पुढे कॅरिबियनमध्ये चार्ल्स ब्लेअर यांच्या कंपनीकडे गेलं. आज ते साउदॅम्प्टनच्या सोलेंट स्काय संग्रहालयात अँसेटच्याच रंगात उभं आहे. रंग निवडताना मात्र साल निश्चित करावं, एकाच विमानानं अनेक मालकांचे रंग अंगावर मिरवले आहेत.

अँसेटकडची दुसरी बोट ‘आयलँडर’. तिची गंमत उलटी. न्यूझीलंड हवाई दलाचं संडरलँड घेऊन अँसेटनं तिला प्रवासी केलं, आणि नंतरच्या मालकानं बुरूज बसवून पुन्हा लढाऊ रूप दिलं. ती आता फ्लोरिडात आहे. तेव्हा किटमधून कापून काढलेले बुरूज डब्यात जपून ठेवावेत. आयलँडरचं नंतरचं रूप करायचं झालं तर तेच लागतील.