एवढ्याशा बाळाच्या हृदयालाच का गाठतो हा विषाणू?

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक सूचना काढली होती. वेल्स आणि नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये वर्षभराच्या आत १५ नवजात बाळांच्या हृदयाच्या स्नायूला गंभीर सूज आली होती. यालाच मायोकार्डायटिस म्हणतात. दक्षिण वेल्समध्ये त्याआधीच्या सहा वर्षांत अशी एकच केस दिसली होती. संशय होता एन्टेरोव्हायरसवर, त्यातही कॉक्सॅकी बी गटावर.

आता तुम्ही म्हणाल, हा कुठला नवा व्हायरस? नवा अजिबात नाही. तुम्हाला-मला तो बहुतेक वेळा साधा ताप किंवा सर्दी देऊन निघून जातो. मग बाळालाच एवढा का छळतो?

याचं उत्तर त्याच्या शोधातच दडलंय. १९४८ मध्ये डॉलडॉर्फ आणि सिकल्स यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या कॉक्सॅकी गावातल्या आजारी मुलांचे नमुने तपासले. मोठ्या उंदरांऐवजी त्यांनी नुकतीच जन्मलेली पिल्लं वापरली आणि विषाणू सापडला. मोठे उंदीर त्याला दाद देत नाहीत, पिल्लं मात्र आजारी पडतात. म्हणजे वयाचा मुद्दा पहिल्या दिवसापासून होताच!

कारणं मुख्यतः दोन. पहिलं म्हणजे पेशीत शिरायला या विषाणूला एक ठरावीक प्रथिन लागतं. त्याचं नाव 'कार'. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं, की नवजात हृदयात ते भरपूर असतं आणि वाढत्या वयात खूप कमी होतं. एकदा आत शिरला, की विषाणूचं एक एन्झाइम स्नायूपेशीला आधार देणारं डिस्ट्रोफिन तोडून टाकतं. हृदय ढिलं पडतं.

दुसरं कारण म्हणजे अँटीबॉडीज. त्या आईकडून नाळेतून बाळाला मिळतात. पण आईला संसर्ग बाळंतपणाच्या अगदी तोंडावर झाला, तर अँटीबॉडीज तयार व्हायला वेळच मिळत नाही. बाळाला विषाणू मिळतो, संरक्षण नाही.

यावर खात्रीचं औषध अजून नाही. उपचार म्हणजे हृदयाला आणि श्वासाला आधार देत राहणं. म्हणून लवकर ओळखणं महत्त्वाचं. बाळ दूध ओढेनासं झालं, पिताना घामाघूम होतंय, धापा टाकतंय, फिकट किंवा मलूल दिसतंय, तर थांबू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप आला तरी लगेच डॉक्टर गाठा.

घाबरून जाऊ नका, हा आजार दुर्मीळ आहे. पण बारशाला जाताना सर्दी-ताप असेल तर सरळ घरीच राहा. आणि हात साबणानेच धुवा. या विषाणूला चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे सॅनिटायझरचा त्याच्यावर फारसा जोर चालत नाही. आजीचा 'आधी हातपाय धू, मग बाळाला घे' हा नियम विज्ञानालाही मान्य आहे!