इशारा नाही म्हणजे आलबेल?

‘आलबेल’ हा शब्द मराठीत आला तो पहाऱ्यावरच्या शिपायाच्या आरोळीतून. ‘ऑल इज वेल’ ही इंग्रज छावणीतली हाळी इथल्या कानांनी अशी ऐकली. रात्री ठरावीक वेळाने ती हाळी उठायची, आणि उठली नाही तर पहारेकऱ्याचं काय झालं हे बघायला कुणालातरी जावं लागायचं. आवाज हा सुरक्षिततेचा पुरावा होता, शांतता ही धोक्याची खूण. सर्व्हरवर देखरेख ठेवणारं टूल बसवताना मात्र याच्या उलट गृहीत धरलं जातं: डॅशबोर्ड हिरवा आहे, फोनवर अलर्ट नाही, म्हणजे सर्व्हर ठीक आहे. या विषयातले बहुतेक गैरसमज या एकाच गृहीतकातून निघतात. अलर्ट न येण्याची कारणं किमान पाच असू शकतात. बिघाडच नाही, बिघाड आहे पण तो मोजला जात नाही, मोजला जातो पण नियम चुकला आहे, नियम बरोबर आहे पण निरोप वाटेत अडकला, किंवा देखरेखीचं टूलच बंद पडलं आहे. यातलं एकच कारण चांगलं, आणि फोनकडे बघणाऱ्याला पाचही अगदी सारखी दिसतात.

ही भीती कल्पनेतली नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला, सुमारे ३०० जीबी. बॅकअपकडे धाव घेतली तर रोजच्या बॅकअपची जागा रिकामी निघाली. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि बॅकअप घेणारा प्रोग्राम ९.२ चा, त्यामुळे बॅकअप दरवेळी फसत होता. तो फसल्याची ईमेल जाण्याची सोयसुद्धा केलेली होती. पण त्या ईमेलवर योग्य स्वाक्षरी नसल्याने ती स्वीकारलीच जात नव्हती. पहारेकरी ओरडत होता, आवाज पोचत नव्हता. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून बाकीचा डेटा वाचला. कंपनीने हा सगळा तपशील स्वतःहून जाहीर केला, हे मला फार मोलाचं वाटतं. त्याच वर्षी इक्विफॅक्स या लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकी कंपनीत तर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. तिथे नेटवर्कवरची वाहतूक तपासणारं उपकरण होतं, पण त्याच्या प्रमाणपत्राची मुदत केव्हाच संपली होती, त्यामुळे ते सांकेतिक वाहतूक न बघताच सोडून देत होतं. जुलैच्या अखेरीस नवं प्रमाणपत्र बसवलं, आणि संशयास्पद वाहतूक लगेच दिसली. चोर मे महिन्यापासून आत होते.

आता टूलच्या आत काय घडतं ते पाहू, कारण ‘टूल चांगलं निवडलं की झालं’ हा समज तिथेच मोडतो. साउंडक्लाउडमध्ये २०१२ साली सुरू झालेलं प्रोमिथियस आज फार वापरलं जातं. ते ठरावीक वेळाने प्रत्येक सर्व्हरकडे जाऊन आकडे मागून आणतं. सर्व्हरने उत्तर दिलं नाही तर ‘अप’ नावाच्या नोंदीत शून्य पडतं, आणि त्यावर अलर्ट लावता येतो. इथवर उत्तम. पण नवा सर्व्हर यादीत घालायचाच राहिला, तर त्याच्या नावाने शून्यही पडत नाही, काहीच पडत नाही. शिवाय प्रोमिथियसमधला नियम हा एक प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर रिकामं आलं तर अलर्ट वाजत नाही. ‘डिस्क भरलेली नाही’ आणि ‘डिस्क या नावाची नोंदच मला माहीत नाही’ या दोन्ही उत्तरांचा परिणाम एकच, शांतता. २०१८ मध्ये नोड एक्सपोर्टरच्या, म्हणजे प्रोमिथियसला सर्व्हरचे आकडे पुरवणाऱ्या प्रोग्रामच्या, ०.१६ आवृत्तीत अनेक नोंदींची नावं बदलली. डिस्कवरच्या मोकळ्या जागेच्या नावाला शेवटी ‘बाइट्स’ जोडलं गेलं. ज्यांनी आवृत्ती बदलली पण नियम जुनेच ठेवले, त्यांचे ते नियम कुठलीही चूक न दाखवता निकामी झाले. म्हणूनच नोंद गायब झाली तर ओरडणारा वेगळा नियम लागतो. त्यासाठी प्रोमिथियसमध्ये ‘ॲब्सेंट’ आहे, झॅबिक्समध्ये ‘नोडेटा’, आणि नागिओसमध्ये नोंद किती शिळी झाली हे तपासण्याची सोय. तिन्ही टूल घडवणाऱ्यांना हा प्रश्न ठाऊक होता. तो सोडवणं मात्र टूल बसवणाऱ्यावर सोपवलेलं आहे.

ज्यावर लक्ष ठेवायचं त्याच सर्व्हरवर टूल बसवलं की पैसे वाचतात, हा हिशेबही असाच फसतो. सर्व्हर पडला की पहारेकरीही त्याच्याबरोबर पडणार. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा कोलमडली, तेव्हा सेवांची स्थिती दाखवणारं त्यांचं स्वतःचं पान अद्ययावत करता येईना, कारण ते चालवणारी यंत्रणाच एस-थ्रीवर अवलंबून होती. यावरचा उपाय पहाऱ्याइतकाच जुना आहे: आलबेलची हाळी. कायम वाजत राहणारा एक अलर्ट मुद्दाम ठेवायचा, ‘वॉचडॉग’ या नावाने तो ओळखला जातो, आणि तो दुसरीकडच्या, पूर्णपणे स्वतंत्र सेवेकडे पाठवत राहायचं. हाळी थांबली की त्या सेवेने फोन करायचा.

यावर आक्षेप येतो: शांततेवर इतका अविश्वास असेल तर प्रत्येक गोष्टीला अलर्ट लावून टाकू, सीपीयू ८० टक्के, मेमरी ९० टक्के, डिस्क ९० टक्के. हा उपाय मूळ रोगाइतकाच घातक आहे, कारण रात्री तीनदा उगाच उठवलेला माणूस चौथ्या वेळी फोन म्यूट करतो आणि आपण सहावी शांतता तयार करतो. शिवाय हे आकडे वाटतं ते सांगत नाहीत. लिनक्स मोकळी मेमरी वाया न घालवता फाइली हाताशी ठेवायला वापरतं, त्यामुळे ती ‘भरलेली’ दिसणं निरोगी आहे. बघायचा तो ‘उपलब्ध’ मेमरीचा आकडा, जो लिनक्सच्या कर्नल ३.१४ पासून थेट मिळतो. लोड ॲव्हरेजमध्ये लिनक्स डिस्कची वाट बघत थांबलेल्या प्रोसेसही धरतं, म्हणून लोड २० आणि सीपीयू निवांत असं होऊ शकतं. डिस्क ९० टक्के भरली म्हणजे १०० जीबीच्या डिस्कवर १० जीबी उरले, १० टीबीच्या डिस्कवर १ टीबी. दोन्हीला एकच घंटा कशी? त्याऐवजी ‘या वेगाने चार तासांत भरेल का’ हा प्रश्न विचारता येतो. माझ्या मते माणसाला झोपेतून उठवायचं ते वापरणाऱ्याला त्रास होत असेल किंवा लवकरच होणार असेल तरच: पान उघडायला लागणारा वेळ, चुकलेल्या विनंत्यांचं प्रमाण. बाकीचे आकडे कारण शोधण्यासाठी जपून ठेवावेत, सकाळी बघावेत. त्यातही सरासरीवर विसंबू नये. १०० पैकी ९८ पानं ०.१ सेकंदात उघडली आणि दोन पानांना प्रत्येकी १० सेकंद लागले, तरी सरासरी ०.३ सेकंदांच्या आतच राहते.

‘आमचा एकच सर्व्हर, तोही क्लाउडवर; कंपनी बघेल की’ असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. कंपनी तिचं यंत्र बघते. ॲमेझॉनच्या क्लाउडवॉच या देखरेख सेवेला तुमच्या सर्व्हरची मेमरी किंवा आतली डिस्क किती भरली हे एजंट बसवल्याशिवाय दिसत नाही. लेट्स एन्क्रिप्टची मोफत प्रमाणपत्रं वापरणाऱ्या अनेक छोट्या साइट मुदत संपत आल्याच्या ईमेलवर अवलंबून होत्या. त्या ईमेल जून २०२५ पासून बंद झाल्या. आता तिथेही शांतताच आहे.

तेव्हा टूल बसवून झाल्यावर, कामाच्या वेळेत, सर्वांना कळवून, एखादी सेवा मुद्दाम बंद करावी आणि घड्याळ लावावं. प्रोमिथियस मुळात मिनिटाला एकदा आकडे आणतं, मिनिटाला एकदा नियम तपासतं. नियमात पाच मिनिटं थांबायला सांगितलेलं असेल आणि अलर्ट पुढे पाठवणारा अलर्टमॅनेजर आणखी ३० सेकंद थांबत असेल, तर फोन वाजेपर्यंत साडेसात मिनिटं जाऊ शकतात. ग्राहकाला ९९.९९ टक्के सेवेचा शब्द दिलेला असेल तर महिन्याकाठी बंद राहण्याची मुभा साधारण सव्वाचार मिनिटांची असते.