कॅम्परव्हॅनला ऑनिंग लावताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग-ओटा करून घेणारी किंवा ईकोत मागे गादी टाकून निघणारी कुटुंबं आता कोकणच्या रस्त्यांवर दिसू लागली आहेत. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडी आतून तयार झाली की पुढची खरेदी बहुधा ऑनिंगची असते. गाडीच्या बाजूला गुंडाळलेलं राहणारं आणि मुक्कामी पोचल्यावर बाहेर ओढायचं हे छप्पर घेताना लोक लांबी-रुंदी पाहतात, रंग पाहतात. पण ते वाकतं, फाटतं किंवा टपाचा पत्रा उचकटून निघतं ते वाऱ्यामुळे आणि साचलेल्या पाण्यामुळे. पारख करायची ती याच दोन गोष्टींवर.

“जेवढं मोठं तेवढं बरं”

हा सगळ्यात महागात पडणारा समज. ३ मीटर लांब आणि २.५ मीटर रुंद ऑनिंग म्हणजे ७.५ चौरस मीटर कापड. ताशी २० किलोमीटरचा वारा, म्हणजे झाडांची पानं-डहाळ्या हलवणारी झुळूक, त्यावर समोरून आदळला तर जोर साधारण १४ किलोचा होतो. वारा दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरला हाच आकडा ५५ किलोच्या पुढे जातो. कापड आडवं असल्याने प्रत्यक्ष जोर कोनाप्रमाणे कमी-जास्त होईल, पण वारा खालून शिरला की ते होडीच्या शिडासारखं फुगतं आणि ती सगळी ओढ ब्रॅकेटच्या बोल्टांवर येते. पाय जमिनीला बांधलेले नसतील तर तरफेच्या नियमाने बोल्टांवर कैक पट ताण बसतो.

घरांवर आणि दुकानांवर लावायच्या ऑनिंगसाठी युरोपात ईएन १३५६१ हे मानक आहे. त्यात वारा सोसण्याचे वर्ग ठरवले आहेत: पहिला ताशी २८ किलोमीटर, दुसरा ३८, तिसरा ४९. पक्क्या भिंतीत रोवलेल्या ऑनिंगची ही कथा, मग पातळ पत्र्याच्या गाडीला टांगलेल्या ऑनिंगकडून जास्तीची अपेक्षा कशी धरायची? वाऱ्याचा जोर वाढू लागला की ते मिटायचं. रात्री झोपताना उघडं ठेवायचं नाही, कारण वारा कधी उठेल ते झोपेत कळत नाही.

“वॉटरप्रूफ आहे, पावसाची काळजी नाही”

कापडातून पाणी झिरपणार नाही एवढीच हमी त्या शब्दात आहे. वर साचलेल्या पाण्याचं वजन कोण पेलणार, हा प्रश्न वेगळा. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. वळवाची २० मिलिमीटरची एक सर आपल्या ७.५ चौरस मीटरवर १५० लिटर पाणी ओतते. त्यातलं चौथाई जरी मधल्या झोळात अडकलं तरी ३५ किलोंहून जास्त वजन एका जागी लोंबतं, झोळ आणखी खोल होतो आणि पुढचं पाणीही तिथेच येतं. हवामान खातं ज्याला जोरदार पाऊस म्हणतं, तो चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून सुरू होतो. तेवढा पाऊस या कापडावर ४८० लिटरच्या वर पाणी टाकेल. आषाढातल्या कोकणासाठी हे छप्पर नाही.

हलक्या सरीसाठी उपाय सोपा आहे. पुढचा एक पाय दुसऱ्यापेक्षा वीतभर खाली घ्या, म्हणजे पाणी एका कोपऱ्यातून वाहून जाईल. ईकोसारख्या साधारण १.८ मीटर उंचीच्या गाडीला तर हाच मार्ग आहे, कारण पुढची अख्खी कड उतरवली तर खाली वाकून बसावं लागतं.

“ऑनिंग समुद्राकडे तोंड करून उघडावं”

इच्छा स्वाभाविक आहे, पण आपल्या किनाऱ्यावर दुपारनंतर ही दिशा दोन्ही अंगांनी वाईट. एक तर खारा वारा पश्चिमेकडून येतो, उघड्या बाजूने आत शिरतो, गाडीच्या अंगावर अडतो आणि कापड वर उचलतो. दुसरं म्हणजे सावली. मे महिन्यात रत्नागिरीत भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, पण चार वाजता तो क्षितिजापासून सुमारे ४० अंशांवर उतरलेला असतो. २.१ मीटर उंचीवरच्या कापडाची सावली तेव्हा जवळपास अडीच मीटर पूर्वेला सरकते. ऑनिंग पश्चिमेला असेल तर ती सावली गाडीखाली आणि गाडीच्या अंगावर पडते, खुर्च्या मात्र उन्हात राहतात.

आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, म्हणून चढायचं दार आणि ऑनिंग डाव्या अंगाला असणं योग्य. मग दुपारच्या मुक्कामाला गाडीचं तोंड दक्षिणेला करा. ऑनिंग पूर्वेला येईल, ऊन आणि वारा दोन्ही गाडी अडवेल आणि तिची सावली ऑनिंगच्या सावलीला जोडली जाईल. समुद्र पाहायला चार पावलं चालावी लागतील, तेवढं सोसायला हरकत नाही.

“कोणताही फॅब्रिकेटर तासाभरात बसवून देतो”

बसवून देईलही, पण भोकं कुठे पाडली ते तुम्ही पाहायला हवं. टपाचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड असतो, बहुतेकदा त्याहूनही कमी. त्यात नुसते स्क्रू मारले तर वाऱ्याच्या हिसक्यांनी भोक मोठं होत जातं. भार पत्र्यावर न देता टपाच्या आतल्या आडव्या पट्ट्यांवर, पन्हळीवर किंवा कंपनीने ठेवलेल्या जागांवर द्यावा. जिथे पत्र्यातूनच बोल्ट न्यावा लागतो तिथे आतून रुंद पट्टी लावावी, साध्या वॉशरवर भागवू नये. ब्रॅकेट दोन नकोत, किमान तीन हवेत. पॉप-अप टप असेल तर उचलल्या जाणाऱ्या भागाला ऑनिंग लावायचंच नाही.

भोक पाडल्यावर कड घासून त्यावर प्रायमर लावलाय का, हे उभं राहून पाहा. किनाऱ्याच्या हवेत उघडी पडलेली कड गंजायला वेळ लागत नाही, आणि हा गंज रंगाखालून पसरतो. फटीत पॉलियुरेथेन सीलंट भरावं. आंबूस वासाचं स्वस्त सिलिकॉन नको, त्यातून सुटणारं आम्ल पत्र्याला खातं आणि त्यावर रंगही धरत नाही. स्टेनलेसचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर हवा, नाहीतर खाऱ्या दमटपणात ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि ते झिजतं. काम संपल्यावर सरकतं दार आणि मागचं दार पूर्ण उघडून बघा. हे आधी मोजायचं राहून जातं आणि मग ब्रॅकेट पुन्हा सरकवावे लागतात.

आणखी काही

फिकट कापड थंड असतं हे अर्धंच खरं. ते स्वतः कमी तापतं, पण त्यातून प्रकाश आणि अतिनील किरण जास्त येतात. घट्ट विणीचं गडद कापड ते चांगलं अडवतं. ओलं ऑनिंग गुंडाळून ठेवलं तर बुरशी धरते, तेव्हा घरी पोचल्यावर पुन्हा उघडून सुकवा. वाळूत साध्या खुंट्या टिकत नाहीत. वाळूने भरलेली पिशवी दोरीला बांधून पुरावी. जांभ्याच्या सड्यावर खुंटी शिरतच नाही, तिथे पाण्याचा भरलेला २० लिटरचा कॅन पायाला बांधा. आणि आरटीओ: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करता येत नाहीत. गाडीला काही कायमचं जोडण्याआधी आपल्या कार्यालयात विचारून घ्या.

नोव्हेंबर ते मे कोकणात फिरायचं आणि गाडी ईकोएवढी असेल, तर २ ते २.५ मीटरचं, पिशवीतून ओढायचं, दोन पायांचं साधं ऑनिंग पुरतं. त्याचं वजनही बेताचं असतं. हँडलने फिरवायचं पेटीबंद ऑनिंग २० किलोंच्या आसपास जातं, ते ट्रॅव्हलरसारख्या गाडीलाच शोभतं. सोबत शेतीच्या दुकानातून हिरव्या शेडनेटचा तुकडा घ्या. पाऊस नसेल तेव्हा वाऱ्याच्या बाजूला तो बांधा, कारण जाळीतून वारा निघून जातो आणि सावली जागेवर राहते.