तळहातांच्या घामावर उपाय आहेत

दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या, की एक तक्रार दवाखान्यात हमखास येते. अभ्यास झालेला असतो. पण लिहायला बसले की तळहातांना घामाच्या धारा लागतात, उत्तरपत्रिका ओली होते, शाई पसरते. हाताखाली रुमाल धरून तीन तास लिहिणारी मुले आहेत. पालकांचे निदान ठरलेले असते : "डॉक्टरसाहेब, पोराच्या अंगात उष्णता आहे," नाहीतर "कमजोरी आहे, एक सलाईन लावून द्या." दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

या विकारास हायपरहायड्रोसिस म्हणतात. घामाच्या ग्रंथी निरोगीच असतात. त्यांना चालना देणाऱ्या मज्जातंतूंकडून गरजेपेक्षा जास्त संदेश येतात. हा त्रास बहुधा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो, दोन्ही हातांना सारखा असतो आणि झोपेत थांबतो. पुष्कळदा घरात आणखी कोणाला तरी तो असतोच. मात्र घाम सर्वांगाला येत असेल, रात्री कपडे भिजत असतील, वजन घटत असेल किंवा छातीत धडधडत असेल, तर थायरॉईड, क्षयरोग यांसारख्या आजारांची तपासणी आधी करावी.

पहिला उपाय स्वस्त आहे. अ‍ॅल्युमिनियम क्लोराईडचे लोशन रात्री झोपताना पूर्ण कोरड्या तळहातांना लावावे व सकाळी धुवावे. ओल्या हाताला लावल्यास आग होते, आणि मग लोक दोन दिवसांत बाटली फेकून देतात! परीक्षेच्या आदल्या रात्री लावून काही साधत नाही. महिनाभर आधी सुरुवात हवी. तुरटीच्या पाण्याने थोडा वेळ बरे वाटते, एवढेच.

लोशनने भागले नाही तर आयन्टोफोरेसिस हा उपचार आहे. साध्या पाण्याच्या ट्रेमध्ये हात ठेवून यंत्राने सौम्य विद्युतप्रवाह सोडतात. सुरुवातीला आठवड्यातून तीन वेळा, सुमारे २० ते ३० मिनिटे. गरोदर स्त्रिया व पेसमेकर बसवलेले रुग्ण यांनी तो घेऊ नये. घरच्या विजेवर असला प्रयोग करणे म्हणजे जिवाशी खेळ.

ग्लायकोपायरोलेट, ऑक्सिब्युटिनिन या गोळ्यांनी सर्व अंगाचाच घाम कमी होतो. तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठता होते. आमच्या खामगाव-मलकापूरकडच्या एप्रिल-मे महिन्यांत शेतात राबणाऱ्या माणसाला मी त्या सहसा देत नाही. घामच आला नाही तर शरीर थंड कसे होणार? उष्माघाताचा धोका वाढतो. बोटॉक्सच्या इंजेक्शनांचा गुण काही महिने टिकतो. पण ती महाग, तळहातावर टोचताना दुखतात व काही दिवस पकड ढिली होऊ शकते.

शेवटी शस्त्रक्रिया. छातीतील मज्जातंतू कापला की हात कोरडे होतात, हे खरे. पण नंतर बऱ्याच जणांना पाठ, पोट व मांड्यांना नव्याने घाम सुटतो, आणि कापलेला तंतू पूर्ववत करता येत नाही. लग्न जमत नाही म्हणून थेट शस्त्रक्रियेची चौकशी करणारे पालक येतात. त्यांना मी एवढेच विचारतो, की लोशन किती दिवस लावले?